टेबलावरचे चार दगड : खडक ओळखायचा तो कसा?

सातारा जिल्ह्यात भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सहलींमधून मुलांनी आणलेले चार दगड त्यांच्या टेबलावर आहेत : घाटातला जड काळा दगड, रत्नागिरीकडचा तांबडा, भोकाभोकांचा दगड, सिंधुदुर्गातला पांढरा, खडीसाखरेसारखा दिसणारा दगड, आणि कोणी कोठून उचलला हे आता कोणालाच आठवत नसलेला एक करडा, गुळगुळीत गोटा. पाठ्यपुस्तकात अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित असे तीन वर्ग दिलेले आहेत. मग कोणता दगड कोणत्या वर्गात बसतो हे भूवैज्ञानिक नेमके कशावरून ठरवतात, आणि काळा दगड म्हणजे बेसाल्टच असे समजायला हरकत आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते घरबसल्या पडताळता येते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवलेला काळा चकचकीत ‘ग्रॅनाइट’ भूविज्ञानाच्या भाषेत बहुधा ग्रॅनाइट नसतोच, तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. जुन्या घरांतला कडप्पा हा चुनखडक असतो आणि पाटा-वरवंटा बेसाल्टचा असतो. तिन्ही काळेच. कापलेल्या लिंबाची फोड कडप्प्यावर रात्रभर राहिली तर सकाळी तेथे निस्तेज डाग पडलेला दिसतो, कारण चुनखडकातील कॅल्साइट आम्लात विरघळते. पाट्याला किंवा काळ्या ‘ग्रॅनाइट’ला लिंबाने काही होत नाही. व्यापारातली नावे व्यापारापुरती ठीक आहेत, परंतु रंगावरून खडकाचे नाव ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांना एकदा लागली की ती मोडायला फार वेळ लागतो, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

खडकाचे नाव तीन गोष्टींवरून ठरते. तो कोणत्या खनिजांचा बनला आहे, ती खनिजे एकमेकांशी कशी गुंतलेली आहेत (याला आम्ही वयन म्हणतो), आणि तो जमिनीत कोठे, कोणत्या आकारात, कोणाच्या शेजारी आढळतो. यांपैकी पहिली गोष्ट सर्वांना सुचते, दुसरी शिकवावी लागते आणि तिसरी बहुतेक जण विसरतात. बेसाल्ट, डोलेराइट आणि गॅब्रो यांची खनिजे जवळजवळ सारखीच असतात : प्लॅजिओक्लेज फेल्स्पार, पायरॉक्सिन, थोडे लोहखनिज, कधी ऑलिव्हीन. फरक आहे तो शिलारस किती वेळात थंड झाला याचा. पृष्ठभागावर पसरून लवकर थिजला तर कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि बेसाल्ट होतो; भेगेत शिरून सावकाश निवला तर बारीक कण दिसू लागतात आणि डोलेराइट होतो; खोलवर हजारो वर्षे निवत राहिला तर ज्वारीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून मोठे स्फटिक वाढतात आणि गॅब्रो होतो. म्हणजे नावातच त्या खडकाच्या जन्माविषयीचे एक विधान दडलेले असते, आणि विधान करायचे तर पुरावा हवा.

पुरावा गोळा करण्याची सुरुवात हातोडीने होत नाही. घाटात गेल्यावर मी आधी रस्त्याच्या समोरच्या बाजूला उभा राहून कड्याकडे पाहतो. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातील ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक साचत गेले आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. प्रत्येक प्रवाहाला माथा आणि तळ असतो. लाव्हातील वायू वर येऊन अडकतो, त्यामुळे माथ्याकडचा भाग सच्छिद्र होतो आणि लवकर झिजून उतार बनतो. मधला भाग घट्ट राहतो आणि त्याचा उभा कडा होतो. काही प्रवाहांच्या तळाशी बोटभर लांबीच्या उभ्या नळ्या दिसतात, त्यांवरून वर-खाली निश्चित करता येते. दोन प्रवाहांच्या मधे अनेक ठिकाणी विटकरी मातीचा पट्टा असतो. विहिरी खणणारे लोक त्याला गेरू म्हणतात. खालचा प्रवाह थिजल्यावर वरचा येईपर्यंत काही काळ गेला, एवढे तो पट्टा सांगतो. मुलांनी उचललेला काळा दगड या रचनेतला असेल तर तो बेसाल्ट, हे दगड फोडण्याआधीच जवळजवळ ठरलेले असते.

जवळजवळ म्हणतो, कारण येथेच मी स्वतः फसलो होतो. नोकरीच्या सुरुवातीच्या एका हंगामात धुळे भागात नकाशा करताना भिंतीसारख्या लांबच लांब टेकडीच्या कडेचा नमुना घेऊन मी ‘बारीक कणांचा बेसाल्ट, लाव्हा प्रवाह’ अशी नोंद केली. वरिष्ठांनी नोंदवही वाचून एवढेच विचारले, की टेकडीच्या मध्यभागी गेला होतास का? दुसऱ्या दिवशी गेलो. मध्यभागी कण स्पष्ट दिसणारा डोलेराइट होता. तो प्रवाह नव्हताच. जुन्या प्रवाहांना उभी चीर पाडून त्यात शिरलेल्या शिलारसाची ती भित्ती होती, आणि थंड खडकाला टेकलेली तिची कड चटकन थिजल्यामुळे तेवढ्याच भागाला बेसाल्टचे रूप आले होते. नंदुरबार-धुळे परिसरात अशा भित्ती मोठ्या संख्येने आहेत. खरे तर टेकडीने मला दुसरी खूणही दाखवली होती, ती माझ्या लक्षात आली नाही. निवताना पडणारे खांब थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात. आडव्या प्रवाहात ते उभे असतात, तसे अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीत किंवा पन्हाळ्याजवळच्या बांदिवडे येथे पाहायला मिळतात. उभ्या भित्तीत मात्र ते आडवे पडतात आणि लाकडाच्या मोळ्या रचून ठेवल्यासारखे दिसतात.

आता दगड हातात घेऊ. त्याची बाहेरची बाजू पाहून काही ठरवायचे नाही, कारण हवापाण्याने प्रत्येक खडकावर साल चढते. बेसाल्टची साल तपकिरी होते, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी सुटते आणि शेवटी तिचा मुरूम होतो. हातोडीने एक ताजी कड काढावी (मुलांना डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय हे करू देऊ नये) आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने ती उन्हात फिरवून पाहावी. भिंग डोळ्याला चिकटवायचे आणि दगड भिंगाकडे आणायचा. नवखे लोक उलटे करतात आणि त्यांना काही दिसत नाही. उन्हात फिरवताना फेल्स्पारचे सपाट तुकडे आरशाच्या कपच्यांसारखे क्षणभर चमकून विझतात, कारण फेल्स्पार ठरावीक प्रतलांवर फुटते. या गुणाला पाटन म्हणतात. गारेला, म्हणजे क्वार्ट्झला, असे पाटन नसते. तिचा तुकडा फुटलेल्या जाड काचेसारखा वळणदार दिसतो. ग्रॅनाइटमधील पांढरे काय आणि राखाडी काय हे या एका खुणेवर ओळखता येते.

यापुढची साधने अगदी साधी आहेत. फ्रीडरिख मोह्स यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या कठिनतेच्या श्रेणीत शंखजिरे १ वर, कॅल्साइट ३ वर, क्वार्ट्झ ७ वर आणि हिरा १० वर आहे. नखाची कठिनता सुमारे २.५ आणि चाकूच्या पात्याची सुमारे ५.५ असते. तेव्हा चाकूने ओरखडा उठला तर ती गार नाही, हे नक्की. दुसरी परीक्षा कसाची : सोनार कसोटीवर सोने घासतो त्याप्रमाणे खनिज चकाकी न दिलेल्या चिनीमातीच्या फरशीवर घासायचे आणि उठलेल्या भुकटीचा रंग पाहायचा. हेमॅटाइट काळे, करडे, तांबडे कसेही दिसो, त्याचा कस तांबूसच येतो, आणि मॅग्नेटाइटचा काळा. गोवा आणि रेडीच्या लोहखनिजात दोन्हींचा गोंधळ होतो तेव्हा हा उपाय एका मिनिटात निकाल देतो. तिसरी परीक्षा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाची. कॅल्साइट लगेच फसफसते; डोलोमाइट थंड आम्लाला फारशी दाद देत नाही, त्याची भुकटी करावी लागते. बेसाल्टच्या पोकळ्यांत भरलेले पांढरे खनिज कोणते, हा पुणे-नाशिक भागातला नेहमीचा प्रश्न आहे. आम्लाने फसफसले तर कॅल्साइट, चाकूला अजिबात दाद देत नसेल तर गार किंवा कॅल्सेडनी, आणि ओरखडा उठतो पण फसफसत नाही असे मोत्यासारख्या चमकेचे असेल तर बहुधा स्टिल्बाइट वा ह्यूलंडाइटसारखे झिओलाइट, म्हणजे स्फटिकात पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांच्या गटातले. वाघोलीच्या खाणींतले गडद निळे कॅव्हन्साइट मात्र कसलीही परीक्षा न घेता ओळखू येते, आणि जगभरचे संग्राहक त्यासाठी जीव टाकतात.

येथपर्यंतचे काम शिक्षिकेला आणि मुलांना करता येईल. बारीक कणांच्या खडकांत मात्र भिंग अपुरे पडते. मुंबईच्या जुन्या दगडी इमारतींत वापरलेला मालाडचा पिवळसर दगड घ्या. तोही ज्वालामुखीचाच आहे आणि दख्खनच्या घडामोडींशीच त्याचा संबंध आहे, परंतु तो बेसाल्ट नाही. त्यात सिलिका (गार जिची बनते ते द्रव्य) आणि अल्कली (सोडियम-पोटॅशियमची ऑक्साइडे) अधिक असल्यामुळे तो ट्रॅकाइट ठरतो. अशा खडकाचे नाव रासायनिक पृथक्करणावरून देतात. एकूण सोडियम-पोटॅशियम ऑक्साइडे एका अक्षावर आणि सिलिका दुसऱ्या अक्षावर मांडून केलेल्या आलेखात साधारण ४५ ते ५२ टक्के सिलिका आणि ५ टक्क्यांपेक्षा कमी अल्कली असलेला ज्वालामुखी खडक बेसाल्टच्या चौकटीत पडतो. भरड कणांच्या खडकाला पृथक्करण लागत नाही, खनिजांची मोजणी पुरते. ग्रॅनाइट म्हणवून घ्यायचे तर क्वार्ट्झ आणि दोन्ही प्रकारचे फेल्स्पार (अल्कली फेल्स्पार आणि प्लॅजिओक्लेज) यांच्या बेरजेत क्वार्ट्झचा वाटा २० ते ६० टक्के असला पाहिजे आणि एकूण फेल्स्पारमध्ये प्लॅजिओक्लेजचा वाटा १० ते ६५ टक्क्यांत बसला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. या सीमा माणसांनी आखलेल्या आहेत. निसर्गात ग्रॅनाइट आणि प्लॅजिओक्लेज अधिक असलेला त्याचा शेजारी ग्रॅनोडायोराइट यांच्यामध्ये कुंपण नाही. तरीही संकेत हवा, नाहीतर चंद्रपूरच्या आणि फिनलंडच्या भूवैज्ञानिकाला एकमेकांचा नकाशा वाचता येणार नाही.

मोजणी करायची तर पातळ छेद लागतो. खडकाची चकती काचपट्टीवर चिकटवून ती ०.०३ मिलिमीटर जाडीची होईपर्यंत घासतात. एवढ्या जाडीला बेसाल्टसुद्धा पारदर्शक होतो. इंग्लंडमधील शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही पद्धत खडकांच्या अभ्यासात आणली, तेव्हा सूक्ष्मदर्शकातून डोंगर पाहतात म्हणून त्यांची थट्टा झाली होती. छेद दोन ध्रुवकांच्या (प्रकाशलहरी एकाच प्रतलात जाऊ देणाऱ्या गाळण्यांच्या) मध्ये ठेवून फिरवला की प्रत्येक खनिज आपापला रंग दाखवते : क्वार्ट्झ करडे-पांढरे, पायरॉक्सिन पिवळे-केशरी-निळे, प्लॅजिओक्लेज काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. जाडी बरोबर झाली की नाही हेही क्वार्ट्झच सांगते. ते पिवळे दिसत असेल तर छेद अजून जाड आहे आणि आणखी घासायला हवा. पहिल्यांदा छेद पाहणारा विद्यार्थी नेहमी काही क्षण गप्प होतो. सूक्ष्मदर्शकाशिवाय निकाल लागतच नाही अशी उदाहरणेही आहेत. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर बेसाल्टमध्येच आहे. त्यामुळे ते ज्वालामुखीचे असावे असे दीर्घकाळ मानले जाई. तेथील खडकांत प्लॅजिओक्लेजचे रूपांतर मॅस्केलिनाइट नावाच्या काचेत झालेले आढळले, आणि असे रूपांतर आघाताच्या प्रचंड दाबानेच होत असल्यामुळे उल्कापाताची बाजू पक्की झाली.

गाळाच्या खडकांविषयी फार लांबण लावत नाही, कारण त्यांची भाषा बरीच उघड असते. थर, दाणे, दाण्यांना बांधणारे सिमेंट आणि नशीब असेल तर जीवाश्म, एवढ्या खुणा पाहायच्या. दाणे १/१६ ते २ मिलिमीटर असतील तर वालुकाश्म, त्याहून मोठे गोटे बांधलेले असतील तर पिंडाश्म, आणि कण बोटांना जाणवतच नसतील तर पंकाश्म. कणभर तुकडा दातांखाली धरला आणि कचकच लागली तर त्यात गाळवट आहे, लोण्यासारखा सरकला तर निव्वळ मृत्तिका. ऐकायला विचित्र वाटते, पण क्षेत्रात सगळे हेच करतात. मात्र आडवा थर दिसला म्हणजे गाळाचा खडक, हे समीकरण महाराष्ट्रात धोक्याचे आहे. आपले सगळे लाव्हा प्रवाह लांबून थरांसारखेच दिसतात. अजिंठ्याची लेणी बेसाल्टमध्ये आणि बदामीची वालुकाश्मात कोरलेली आहेत. दोन्हीकडे आडव्या रेघा दिसतात, पण बदामीच्या भिंतीला भिंग लावले की वाळूचे दाणे मोजता येतात. खरा गाळाचा खडक पाहायचा असेल तर नागपूरजवळच्या कामठीचा वालुकाश्म पाहावा, किंवा वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या थरांसोबतचा.

रूपांतरित खडकांत खनिजांची दिशा पाहायची. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे ग्रॅनाइटसारखाच दिसणारा, पण काळ्या-पांढऱ्या खनिजांचे पट्टे वेगळे झालेला खडक मिळतो, तो पट्टिताश्म, म्हणजे नाइस. अभ्रकाचे पापुद्रे एकाच दिशेने लोळलेले असतील आणि खडक त्या दिशेने सहज सुटत असेल तर सुभाजा, म्हणजे शिस्ट. पुढचा प्रश्न असतो तो रूपांतर किती दाबाखाली आणि किती तापमानाला झाले याचा. त्याचे उत्तर काही खनिजेच देतात. जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात दाखवून दिले, की मूळ चिखल एकच असला तरी वाढत्या उष्णतेबरोबर त्यात क्रमाने नवी खनिजे येतात आणि त्यांचे पट्टे नकाशावर आखता येतात. त्या क्रमातले कायनाइट आपल्या भंडारा जिल्ह्यात भरपूर आहे. त्याची एक गंमत मुलांना दाखवण्याजोगी आहे : त्याच्या निळसर पात्यावर चाकू लांबीच्या दिशेने ओढला तर ओरखडा उठतो, आडवा ओढला तर उठत नाही. एकाच स्फटिकात दोन कठिनता.

येथे शिक्षिकेचा तिसरा, पांढरा दगड घेतो, कारण तो चौघांत सर्वांत अवघड आहे. वर्णनावरून तो क्वार्ट्झाइट, म्हणजे गारेचे दाणे घट्ट सांधलेला खडक, दिसतो. साध्या वालुकाश्मावर घाव घातला तर तडा दाण्यांना वळसा घालून जातो आणि तुटलेली कड खरखरीत लागते. क्वार्ट्झाइटमध्ये तडा दाण्यांमधून आरपार जातो आणि कड काचेसारखी होते. पुस्तके येथेच थांबतात आणि क्वार्ट्झाइटला रूपांतरित खडकांत टाकून मोकळी होतात. परंतु दाणे इतके घट्ट सांधले जाण्यास रूपांतर आवश्यकच असते असे नाही. दाण्यांमधल्या जागेत पाण्यातून आलेली सिलिका पूर्ण भरली तरी तडा तसाच आरपार जातो, आणि तो खडक मात्र गाळाचाच राहतो. सिंधुदुर्गात दोन्ही आहेत. कलादगी गट या गाळाच्या थरांच्या समूहातील क्वार्ट्झाइट हे मुख्यतः पहिल्या, म्हणजे गाळाच्या जातीचे, आणि त्याखालच्या, धारवाडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या खडकांतील क्वार्ट्झाइट हे खरोखर रूपांतरित. पातळ छेदात पहिल्या जातीत मूळ गोल दाण्यांच्या कडा धुळीच्या रेषेसारख्या ओळखू येतात. दुसऱ्या जातीत त्या पुसल्या जाऊन दाणे मधाच्या पोळ्यासारखे, सुमारे १२० अंशांच्या कोनांत एकमेकांना भिडतात. तेव्हा हा दगड कोणत्या गावाजवळ सापडला हे कळवावे. तोवर वहीत ‘क्वार्ट्झाइट, वर्ग अनिश्चित’ अशी नोंद ठेवावी. अशी नोंद ठेवण्यात कमीपणा नाही.

रत्नागिरीचा तांबडा दगड जांभा आहे, आणि तो पाठ्यपुस्तकातल्या तिन्ही वर्गांत नीट बसत नाही. उष्ण, भरपूर पावसाच्या हवामानात मूळ खडकातील सिलिका, चुना, सोडा ही द्रव्ये लाखो वर्षे धुपून गेली आणि न विरघळणारी लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे जागच्या जागी उरली. त्या उरलेल्या सांगाड्याला फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी १८०७ मध्ये मलबारातील वर्णनात लॅटेराइट हे नाव दिले, विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. नाव चपखल आहे, कारण चिरेखाणीत तो ओला असताना सहज कापला जातो आणि उन्हावाऱ्यात कडक होतो. कोकणातले सडे त्याचेच, आणि पाचगणीच्या पठाराचा माथाही त्याचाच. त्याची भोके लाव्हातील वायूची नसतात. वायूची पोकळी गोल वा बदामी, बंद आणि गुळगुळीत भिंतीची असते. जांभ्याची भोके वेडीवाकडी, एकमेकांना जोडलेली आणि पिवळ्या मातीने भरलेली असतात. भोके पाहून ‘ज्वालामुखीचा दगड’ म्हणण्याची चूक शाळांच्या प्रदर्शनात मी दर वर्षी पाहतो. तशीच दुसरी चूक भट्टीतल्या मळीला उल्का समजण्याची. काळी, फेसाळ, चुंबकाला थोडी ओढली जाणारी ही वस्तू घेऊन लोक फार आशेने येतात आणि निराश होऊन जातात. चुंबकाला तर आपला साधा बेसाल्टही किंचित ओढला जातो, कारण त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात.

राहिला चौथा, करडा गोटा. त्याची ताजी कड काढून भिंगाने पाहता येईल, चाकू आणि आम्ल लावता येईल, गरज पडली तर छेदही करता येईल, आणि त्यातून तो कशाचा बनला आहे हे बऱ्यापैकी कळेल. पण गुळगुळीत गोटा म्हणजे नदीने किंवा समुद्राने वाहून आणलेला दगड. तो मूळचा कोठला, त्याच्या वर-खाली काय होते, तो प्रवाहाचा तुकडा की भित्तीचा, हे त्याच्यातून निघून गेले आहे, आणि तो कोणत्या नदीपात्रात सापडला हेही आता माहीत नाही. पुढच्या सहलीला प्रत्येक मुलाला कागदी चिकटपट्टी आणि पेन द्यावे, आणि दगड पिशवीत जाण्यापूर्वी त्यावर गाव, तारीख आणि ‘कड्यातून फोडला’ की ‘सुटा पडलेला होता’ एवढे लिहून घ्यावे. या गोट्याचे तपशीलवार नाव मी देणार नाही.